६३ किल्ल्या, १७ कुलपं

गेल्या रविवारी घरातल्या सगळ्या किल्ल्या गोळा केल्या, दिवाणावर ओतल्या आणि मोजल्या. ६३ निघाल्या. मग कागद-पेन घेऊन घरभर हिंडून कुलपं मोजली. पुढचा दरवाजा, मागचा, गच्चीचा, दोन लोखंडी कपाटं, स्कूटर, गाडी, पाण्याच्या मोटारीचा डबा, सायकल, सासूबाईंची ट्रंक... ओढूनताणून १७ झाली. त्यातलं गच्चीचं कुलूप नुसतं शोभेला आहे, ओढलं की उघडतं. तेही धरलं.

हा उद्योग का केला, तर त्याच्या आदल्या आठवड्यात रात्री दोन वाजता हॉलमध्ये धाडकन काहीतरी पडलं. मांजर असेल म्हणून आम्ही दोघं उठलोच नाही. सकाळी बघते तर की-होल्डर जमिनीवर पालथा आणि किल्ल्या सोफ्याखालपर्यंत पांगलेल्या.

हा की-होल्डर सूनबाईनं गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेला. घराच्या आकाराचा, वर कौलं, कौलांवर धुराडं, मधे इंग्रजीत स्वीट होम आणि खाली सात सोनेरी हुक. (सांगलीत धुराडं मी साखर कारखान्याचं सोडून दुसरीकडे पाहिलेलं नाही, पण असो.) दिसायला गोड होता, नाही म्हणणार नाही. डबल टेपनं चिकटवला होता. टेपची चूक नव्हती बरं का, टेप शेवटपर्यंत इमानदार राहिली. भिंतीला पावसाची ओल आली, तेव्हा तिनं भिंतीचा रंगच तळहाताएवढा सोलून सोबत आणला. आणि तो लाकडी दिसणारा की-होल्डर लाकडाचा नव्हताच, एमडीएफचा. खालची कड ओलीनं फुगून खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले होते. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेला पुठ्ठाच. २०१९ च्या पुरानंतर सांगलीच्या गावभागातल्या रस्त्यांवर असल्या फर्निचरचे ढीग ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर प्रश्न आला, आता किल्ल्यांसाठी काय घ्यायचं? घरात प्रत्येकाचं मत तयार.

आमच्या ह्यांचं म्हणणं, एक वाडगा ठेव, आत आलं की टाकायच्या. वाडग्याचा प्रयोग आमच्याकडे झालेला आहे. पहिल्या आठवड्यात त्यात तीन किल्ल्या होत्या. तीन महिन्यांनी त्यात लाइटबिल, रबरबँड, अर्धी गोळ्यांची पट्टी, देवळातला नारळाचा तुकडा, एक नटबोल्ट आणि तळाशी दोन किल्ल्या होत्या. तिसरी कुठंय ते अजून कळलेलं नाही. ज्या भांड्याला तोंड मोठं, त्यात माणूस काहीही टाकतो. हुकावर लाइटबिल टांगता येत नाही, हा हुकाचा मोठा गुण आहे.

चिरंजीव पुण्यात असतात, त्यांची मतं पुण्याची. त्यानं खिशात ठेवायचा ऑर्गनायझर आणून दिला. दोन पट्ट्यांमध्ये किल्ल्या एकावर एक रचून स्क्रूनं आवळायच्या, चाकूच्या पात्यासारखी हवी ती बाहेर काढायची. खिशात खुळखुळ होत नाही, पँटला भोक पडत नाही. त्याच्या फ्लॅटच्या चपट्या किल्ल्यांना तो उत्तम आहे. आमच्या पुढच्या दरवाजाची किल्ली मात्र जुन्या पद्धतीची, गोल दांडीची, बोटभर लांब. ती त्यात बसायला घर बदलावं लागेल. गाडीची रिमोटवाली जाडजूड किल्लीही त्यात बसत नाही, बाहेर लोंबते. मग आवरलं काय? त्यानं किल्लीला एअरटॅगही (हरवलेली वस्तू कुठंय ते फोनवर दाखवणारी चकती) लावून दिला होता. तो शोधायला आयफोन लागतो. आयफोन चिरंजीवांकडे, म्हणजे पुण्यात. आमची किल्ली सांगलीत हरवली की पुण्याला फोन करायचा!

सूनबाई म्हणाली, मग आई, लोहचुंबकाची पट्टी घेऊया, हल्ली सगळे तेच लावतात, चाव्या नुसत्या चिकटवायच्या. (ती डोंबिवलीची, चावी म्हणते. आम्ही किल्ली म्हणतो. यावरून घरात थट्टा चालते. शब्द बघायला गेलं तर चावी पोर्तुगीजांकडून आली आणि कुलूप अरबी-फारसीतून, त्यामुळे कुणी जास्त मराठी व्हायची गरज नाही.) म्हटलं थांब, आधी करून बघू. फ्रिजवरचा चुंबक काढला आणि ६३ च्या ६३ किल्ल्यांना लावून पाहिला. निम्म्यापेक्षा जास्त चिकटल्याच नाहीत. कारण त्या पितळेच्या. वरून निकेलचा चकचकीत मुलामा असतो, म्हणून आपण पोलादी समजतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही आणि तेवढ्याशा मुलाम्यानं किल्ली पेलत नाही. चिकटते ती पोलादाची कडी. म्हणजे पट्टी घेतलीत तर किल्ली कडीच्या जिवावर टांगणार, आणि सुटी किल्ली असेल तर टांगणारच नाही. पैसे घालवण्याआधी घरातला कुठलाही चुंबक लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

चुंबकाच्या नादात त्या ढिगाऱ्याकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. आणि वाटलं, आपण उलटं करतोय. आधी होल्डर आणतो, मग त्यावर असतील नसतील त्या किल्ल्या टांगतो. सात हुक असले की सातही भरतात, मग एका हुकावर चार-चार, मग हवी ती काढताना दोन खाली पडतात.

मग प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावत बसले. दुपारचा चहा थंड झाला. ३८ किल्ल्यांना कुलूप मिळालं, डुप्लिकेट धरून. २५ अनाथ.

त्या २५ घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. त्यांना आता नीट दिसत नाही. वय ८७. एकेक किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या अंगठ्यानं चाचपत, दातऱ्यांवरून नख फिरवत आणि सांगत, "ही कोठीच्या खोलीची. ही तुझ्या सासऱ्यांच्या टेबलाच्या खणाची. ही जात्याच्या खोलीची गं, तिथं नंतर तुमचं बाथरूम झालं ते." नऊ किल्ल्या ओळखल्या! यातलं एकही कुलूप आता जगात नाही. तो वाडाच नाही, तिथं आता चार मजली अपार्टमेंट आहे. पण आमच्या घरातली किल्ल्यांची सगळ्यात चोख व्यवस्था त्यांच्याच काळात होती, हे मला त्या क्षणी पटलं. चांदीचा छल्ला कमरेला, त्यात नऊ किल्ल्या, आणि प्रत्येक किल्ली बोटांना पाठ.

त्या छल्ल्याचं कौतुक मला करायचं नाही, लग्न होऊन आले तेव्हा मला साखर काढायलाही तो छल्ला वाजायची वाट बघावी लागायची. घराची सत्ता कमरेला टांगलेली असायची. पण निदान किल्ली कुठंय हा प्रश्न नव्हता. पुढं काळ बदलला, किल्ल्या कमरेवरून उतरल्या, खुंटीवर, टीव्हीवर, फ्रिजवर, पँटच्या खिशात, कुठंही गेल्या. सत्ता गेली ते बरंच झालं. जबाबदारी मात्र बाईकडेच राहिली. गेली ३१ वर्षं रोज सकाळी पावणेदहाला या घरात एक हाक येते, "अगं, किल्ली कुठंय?" माझे हात कणकेत असोत नाहीतर मी आंघोळीला असो. आणि मला ते माहीत असतं, हे जास्त वाईट. कालच्या पँटच्या डाव्या खिशात. भाजीच्या पिशवीत. स्कूटरलाच.

तेव्हा की-होल्डर घ्यायचा तो भिंत सजवायला नाही, मला या नोकरीतून मोकळं करायला, हे मी मनाशी पक्कं केलं. एकदा असं ठरवलं की निवड सोपी होते. दिसायला कसा आहे हे मागं पडतं आणि तो कुठं लावायचा हे पुढं येतं.

दोन दिवस मी नुसतं बघितलं की माणसं घरात येताना काय करतात. हे येतात, एका हातात डबा, दुसऱ्या हातात किल्ली. दाराशी चप्पल काढताना भिंतीला हात टेकतात. गुडघे दुखतात ना. तो हात जिथं टेकतो तिथं भिंतीवर एक काळपट डाग पडलाय, तो मी गेली कित्येक वर्षं पुसतेय. किल्लीची जागा ती! की-होल्डर यापूर्वी सोफ्याच्या वर होता, कारण तिथं शोभत होता. सोफ्यापर्यंत चालत जाऊन किल्ली टांगणारा पुरुष आमच्या घराण्यात जन्मलेला नाही.

पण दाराशी म्हणजे दारासमोर नाही. आपल्याकडे दिवसभर जाळीचा दरवाजा लावलेला आणि आतला सताड उघडा असतो. पार्सलवाला, वर्गणीवाला, कोण कोण जाळीतून आत बघत उभं असतं. समोर गाडीची किल्ली आणि शेजारी 'कपाट' अशी चिठ्ठी लावलेली किल्ली दिसायची काय गरज? उघड्या खिडकीतून काठीला आकडा लावून वस्तू ओढणारे असतात. तेव्हा दाराच्या आत, पण भिंतीच्या आडोशाला. आणि किल्लीवर चिठ्ठी नको, रंगीत दोरा बांधा. लाल दोरा कुणाचा हे घरच्यांना माहीत असलं म्हणजे झालं. कपाटाच्या किल्ल्या तर तिथं नकोतच. रोज घराबाहेर जाणाऱ्या तेवढ्याच दाराशी, बाकीच्या आत.

डुप्लिकेटांबद्दल थोडं, कारण हे आम्ही फार महागात शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही गावभागातच होतो. धोक्याची पातळी ४५. रात्रीत कुलूप लावून विश्रामबागला नणंदेकडे गेलो. पाणी उतरल्यावर परत आलो, किल्ली माझ्या हातात, आणि कुलूप गाळानं गच्च भरलेलं. किल्ली अर्धीसुद्धा आत जाईना. रॉकेल घातलं, ठोकलं, शेवटी ब्लेडनं कापलं. आत गेल्यावर दुसरा धडा. सगळ्या डुप्लिकेट किल्ल्या एका छान डब्यात, नीट बांधून, खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. डब्यात चिखल. स्कूटरची दुसरी किल्ली, बँकेच्या लॉकरची, सगळं एकाच ठिकाणी एकदम गंजलेलं. सगळ्या किल्ल्या एका ठिकाणी नीट ठेवणं म्हणजे सगळ्या एकदम घालवायची सोय. तेव्हापासून एक संच नणंदेकडे असतो आणि तिचा आमच्याकडे. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवायची जुनी पद्धत आपण उगाच मोडीत काढली. त्याऐवजी आता कुंडीखाली, पायपुसण्याखाली, मीटरवर आणि बुटात ठेवतो, जिथं चोर सगळ्यात आधी हात घालतो.

३८ मधल्या काही डुप्लिकेट अडकत होत्या, म्हणून स्टेशन रोडला किल्लीवाल्याकडे गेले. त्यानं एक उन्हात धरली, हसला. "बाई, ही डुप्लिकेटची डुप्लिकेट आहे. मूळ किल्ली आणा. दर वेळी केसभर फरक पडत जातो, तिसऱ्या वेळेला सख्खी राहत नाही, चुलत होते." मग त्यानं समजावून सांगितलं. कुलपाच्या आत पाच-सहा बारीक खिळे असतात, प्रत्येक खिळा ठरावीक उंचीला उचलला गेला तरच नळी फिरते. किल्लीच्या खाचा म्हणजे त्या उंच्यांचे आकडे. लिनस येल नावाच्या अमेरिकन माणसानं हे तंत्र १८६१ च्या सुमारास पक्कं केलं, हे मी घरी येऊन वाचलं. कुलपात तेल घालू नका, धूळ धरते, पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासून ती दोन-चारदा फिरवा, हेही त्यानंच सांगितलं. आणि माझ्या स्कूटरच्या किल्लीला लटकलेला पाव किलोचा गणपती, सातारचा कंदी पेढा आणि नेलकटर बघून म्हणाला, "हे काढा आधी. स्विच झिजतोय." पेढा प्लॅस्टिकचा आहे, तरी काढला.

शेवटी घेतली ती हार्डवेअरच्या दुकानातली साधी सागवानी पट्टी, पाच पितळी हुकांची, २४० रुपयांना. हुक असे बघून घेतले की टोक वर वळलेलं हवं, दार आपटलं तरी किल्ली उडता कामा नये, आणि दोन हुकांत चार बोटं अंतर हवं. टेप नाही. ड्रिल मारून, गिट्टी ठोकून, दोन स्क्रू. उंची ह्यांचा हात टेकतो तेवढी. पाच हुक, पाच किल्ल्या. सहावी आली तर तिनं आत जायचं. सूनबाईला वाईट वाटू नये म्हणून तिचं स्वीट होम सासूबाईंच्या खोलीत लावलंय, कोरड्या भिंतीवर, जपमाळ आणि चष्म्यासाठी. त्या नऊ किल्ल्या टाकल्या नाहीत. त्या त्यांच्या उशाखाली आहेत. उरलेल्या १६ भंगारात गेल्या.

फोटो टाका म्हणाल, म्हणून आधीच सांगते, किल्ल्यांचा फोटो टाकणार नाही. नवं घर घेतलं की तळहातावर किल्ली ठेवून फोटो टाकायची फॅशन आहे, ती बंद करा. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास २०० फुटांवरून लेन्सनं किल्लीचा फोटो काढून, त्यावरून खाचांचे आकडे काढून चालणारी किल्ली करून दाखवली होती. आता तर मोबाइललाच तसले कॅमेरे आहेत.

खाली फोटो आहे तो रिकाम्या पट्टीचा. त्यासाठी आज सकाळी पाचही किल्ल्या काढून शेजारी ताटलीत ठेवल्या होत्या. फोटो काढून, हे सगळं टाइप करून परत टांगायला गेले तर ताटलीत चारच. स्कूटर खाली नव्हती. हे घेऊन गेले होते, न विचारता.