खंड्याचा फेटा आणि मामाचा मेसेज

दिवाळीपासून डोक्यात अडकलंय ते आज लिहून टाकते, नाताळ तोंडावर आलाय आणि परत तेच सगळं करायची वेळ आलीये.

झालं असं की ह्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, वसुबारस शुक्रवारी, लक्ष्मीपूजन मंगळवारी, म्हणजे सणाचे मोठे दिवस सगळे ऑफिसचे. म्हणून मधल्या रविवारी, १९ ऑक्टोबरला, मी दिवाळी उरकली. हो, उरकलीच. चिकटवायची रांगोळी, बॅटरीच्या पणत्या (खऱ्या पणतीला शेपटीचा फटका बसला की काय होतं ते एकदा बघून झालंय), फराळाचं ताट आणि मधोमध आमचा कुत्रा खंड्या. काळाकुळकुळीत, तीस किलोचा, डोक्याला लहान मुलांचा तयार मिळतो तो फेटा, मागून इलॅस्टिक. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि ताट आवरायला गेले.

परत येऊन बघते तर रणकंदन. आत्याचं म्हणणं, फेटा हा मान असतो, तो कुत्र्याच्या डोक्यावर शोभत नाही. एका दादाचं म्हणणं, पैसे झाले की असली थेरं सुचतात (हा दादा बाणेरला राहतो, त्याच्या बायकोने त्यांच्या पग जातीच्या कुत्र्याला पैठणीचा रुमाल शिवलाय, पण असो). आणि शेवटी मामा, जो ग्रुपवर कधी अंगठासुद्धा दाखवत नाही, त्याचा मेसेज. "मुक्या जनावराला नटवून बसवायचं आणि आपण हसायचं, ह्याला प्रेम म्हणतात होय तुमच्याकडे? आणि ऑगस्टमध्ये आम्हाला शहाणपण शिकवत होतीस."

तुमच्याकडे. हा शब्द लागला मला. सोळा वर्षं अमेरिकेत, मिनेसोटात काढून मी अजून "आपल्याकडे" म्हणते ते सांगलीलाच, आणि मामाने एका शब्दात माझी बाजू बदलून टाकली.

ऑगस्टचं पण सांगते. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आजूबाजूची सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हणून सांगितलं, मग २२ ला तो आदेश बदलला, नसबंदी आणि लस करून जिथून उचलली तिथेच परत सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडू नका. ते दहा-अकरा दिवस आमच्या ग्रुपवर दोन पार्ट्या. मी दोघांनाही इथून ज्ञान देत होते. आमच्या ईडन प्रेरी गावात रस्त्यावर एक बेवारस कुत्रा दाखवा, फिरायला नेणाऱ्याच्या हातात पिशवी. वगैरे वगैरे. एका मावसभावाने शांतपणे विचारलं, मग तिथली बेवारस कुत्री जातात कुठे? शेल्टरमध्ये, मी म्हटलं. तिथून? त्यावर मला नेमकी मीटिंग आली.

तिथून कुठे जातात ते मला चांगलं माहितेय. जागा नसली की चांगल्या धडधाकट जनावरांनाही इंजेक्शन देतात, कुत्री-मांजरं मिळून वर्षाला लाखोंनी. खंड्या त्यातूनच सुटून आलेला, टेक्ससच्या शेल्टरमधून व्हॅनमध्ये चढवून उत्तरेला पाठवलेल्यांपैकी. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. बायका माहेरी सासरचं सगळं थोडीच सांगतात.

तर दिवाळीच्या भांडणात मी माझ्या परीने जोरदार मुद्दे मांडले. म्हटलं, आपल्याकडे बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात, बाशिंग बांधतात, वाजत गाजत मिरवतात, ते चालतं. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या फोटोत पायाशी चार कुत्री आणि त्यांना आपण वेद म्हणतो, जेजुरीला खंडोबाबरोबर कुत्रा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ते कीर्तनात ऐकून डोळे पुसता. नेपाळमध्ये तर दिवाळीत कुत्र्यांचा अख्खा दिवस असतो, कुकुर तिहार, हार घालतात, टिळा लावतात, गोडधोड खायला घालतात. शेजारच्या नेपाळी वहिनी त्या सोमवारी खंड्यासाठी झेंडूची माळ घेऊन आल्या होत्या. (त्याने ती खाल्ली.) मग माझ्याच फेट्यात काय वाईट?

मामाचं उत्तर एवढंच, "बैल वर्षभर राबतो, तो दिवस त्याचा असतो. तुझ्या फोटोतला दिवस तुझा आहे."

आता ह्या फोटोंमागे किती मेहनत असते ते घरच्यांना काय कळणार. काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं म्हणजे शिक्षा, फ्लॅश मारला तर डोळे भुतासारखे चमकतात, नाही मारला तर तोंडाच्या जागी नुसतं काळं भोक, म्हणून सकाळी दहाला खिडकीशी बसवायचं आणि फोनवर एक्स्पोजर वर सरकवायचं. पीनट बटरचा चमचा कॅमेऱ्याच्या बरोब्बर वर धरायचा, आणि त्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्यांना विष) नाही ना ते डब्यावर वाचायचं. ताटातल्या लाडवांत बेदाणे घालायचे नाहीत, कुत्र्यांच्या किडन्या जातात त्याने. माझ्या सांगलीचा बेदाणा, आई येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर किलोकिलोने पाठवते, आणि तो माझ्याच घरात वरच्या कपाटात कुलपासारखा बंद. चाळीस फोटो काढावे तेव्हा एक लागतो. नाताळला फेट्याऐवजी सँटाची लाल टोपी चढवायची म्हणजे कार्डाचंही काम होतं, शेजाऱ्यांना, ऑफिसात आणि नवऱ्याच्या विशाखापट्टणमच्या नातेवाइकांना साठ कार्डं जातात आमची. गंमत म्हणजे कुत्र्याला लाल रंग दिसतच नाही, निळा आणि पिवळा तेवढा नीट कळतो. म्हणजे टोपीचा लाल रंग नक्की कुणासाठी?

हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि मग झोप उडाली.

कारण मला मामाचं आणि माझं जुनं माहिती होतं. मामा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, पट्ट्या बांधण्यात आयुष्य गेलं त्याचं. आणि मी दहा वर्षांची असताना दिवाळीत आम्ही गावभागातल्या पोरांनी गल्लीतल्या एका तांबड्या कुत्र्याच्या शेपटीला लवंगीची माळ बांधली. बांधली दुसऱ्याने, सुतळी धरली होती मी. ते कुत्रं ज्या तऱ्हेने ओरडत पळालं आणि आम्ही ज्या तऱ्हेने हसलो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मामाने सगळ्यांना एकेक ठेवून दिली, मलाही, आणि मग तो तासभर त्या कुत्र्याला शोधत फिरला. भाऊबीजेपर्यंत रोज त्याच्या शेपटीला मलम लावत होता, आणि डबी धरायला मला न्यायचा, काही न बोलता.

हा माणूस मला मुक्या जनावराबद्दल सांगतो आणि मी त्याला कुकुर तिहार शिकवते.

रात्री उठून मागच्या सहा वर्षांचे फोटो काढून बघितले. प्रत्येकात खंड्याची जीभ नाकावर. "किती गोड!" "जीभ बघा!" अशा शंभर कॉमेंट. ट्रेनिंग क्लासच्या पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलेलं, सारखं ओठ चाटणं, जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हा त्रासल्याचा इशारा. पैसे भरून शिकले होते मी हे. फेटा असताना जीभ बाहेर, टोपी असताना बाहेर, नुसता झोपलेला असताना आत.

तरी एक गोष्ट माझ्या बाजूने सांगते. नवरा तेलुगू, त्यामुळे घरात बोलणं इंग्लिशमध्ये, मुलगा कॉलेजला गेला, त्याला मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्येच देतो. खंड्याला मात्र फक्त मराठीच येतं. बस, थांब, नको, चल बाहेर. बोर्डिंगला ठेवताना मी इंग्लिश लिपीत यादी देते आणि तिथल्या मुली "ताम्ब, ताम्ब" ओरडतात. अभ्यंगस्नानाला इथे ऑक्टोबरात सूर्य साडेसातनंतर उगवतो, म्हणजे शास्त्राप्रमाणे सूर्योदयापूर्वी आंघोळ सहज होते, फक्त उटणं लावायला कोणी नसतं. मग मी ज्याला ओवाळू शकते त्याला ओवाळते. त्याला गंध लावलं तर तो पुसत नाही. आता ह्याला हौस म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा.

मागच्या रविवारी कार्डाचा फोटो काढायचा होता. टोपी हातात घेतली, त्याने कान मागे घेतले, मी टोपी परत खोक्यात ठेवली. (अजून फेकलेली नाही, हेही खरंय.) तो चपलांच्या रॅकपाशी जाऊन आडवा झाला, बाहेर बर्फ, आत अंधुक उजेड, मी तसाच एक फोटो काढला, हललेला, शेपटीच्या जागी नुसता पट्टा. ग्रुपवर नाही, एकट्या मामाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

तासाभराने उत्तर आलं. "बरा दिसतो. डावा कान सारखा झटकतो का? जरा उघडून वास घेऊन बघ."

घेतला वास. गुरुवारी सव्वाचारची अपॉइंटमेंट मिळालीये.