"बग सापडला की झालं" म्हणणाऱ्यांसाठी

सांगलीत विश्रामबागेतल्या हॉस्टेलांपासून कुपवाड एमआयडीसीपर्यंत सध्या लिनक्सच्या कर्नेलबद्दल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबद्दल, एक मेसेज फिरतोय: "कर्नेलच्या मेमरी-तपासणीचे रिपोर्ट सुधारत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. बग सापडला की झालं. वाचणारे तज्ज्ञच असतात. रस्ट भाषा आलीच आहे. आणि खऱ्या मशीनवर हे चालवतो कोण?"

बग सापडला की झालं? लिनक्समध्ये केसॅन (KASAN), म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा तपासनीस, २०१५ पासून, म्हणजे ४.० आवृत्तीपासून आहे. त्याचा जुना रिपोर्ट बघा. कोडने १२३ बाइट मागितले, कर्नेलने १२८ च्या कप्प्यातून दिले. पुढच्याच बाइटवर लिहिलं की केसॅन "हद्दीबाहेर" म्हणून ओरडायचा. इथवर बरोबर. पण खाली छापायचा की हा पत्ता १२८ बाइटच्या भागात "१२३ बाइट आत" आहे! वर बाहेर, खाली आत. नवखा माणूस तपासणीच खोटी ठरवून मोकळा होणार. पुढे शॅडो मेमरी (कुठले बाइट वापरायला मोकळे आहेत याची केसॅनने ठेवलेली नोंदवही) चाळून मूळ मागणी किती होती हे काढलं जाऊ लागलं आणि पत्ता मागितलेल्या भागाच्या उजवीकडे, म्हणजे हद्दीपलीकडे, असल्याचं रिपोर्ट सांगू लागला. बग पकडण्याची पद्धत तीच, पण आता वाचणारा बरोबर ओळीवर जातो.

तज्ज्ञांचंही तेच. एक्स८६-६४ वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, केसॅनची तपासणी कोडमध्येच विणलेली असेल, तर साधा नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा रिकामा पत्ता) वापरल्यावर आधी त्याचा शॅडो पत्ता वाचला जातो. तो पत्ताच अवैध, म्हणून प्रोसेसरच चूक दाखवून थांबतो (जनरल प्रोटेक्शन फॉल्ट), आणि समोर डी-एफ-एफ-एफ-एफ-सी ने सुरू होणारा भलताच आकडा. त्यावरून "हा नल आहे" हे ओळखायला उलटं गणित करावं लागे. आता खालची ओळ ते सरळ सांगते. तज्ज्ञाचा वेळ काय फुकटचा असतो?

रस्टचं थोडक्यात: मेमरीच्या चुका आधीच रोखणारी ही भाषा ६.१ मध्ये कर्नेलमध्ये आली, पण सीमधला कोट्यवधी ओळींचा कोड आहे तिथेच आहे, आणि रस्टमध्येही अनसेफ, म्हणजे भाषा हमी देत नाही असे, भाग लिहावे लागतातच.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा. नेहमीच्या प्रकारातल्या केसॅनची शॅडो मेमरी एकूण मेमरीचा आठवा हिस्सा खाते, वेगही घटतो. म्हणून तो टेस्टिंगपुरता. पण ५.१२ पासून केफेन्स (KFENCE) हा हलका तपासनीस आहे. तो सगळी वाटपं तपासत नाही, ठरावीक वेळाने एखादंच उचलतो, त्यामुळे चालत्या मशीनवर परवडतो. समजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं यंत्र ऐन हंगामात कधीतरी कोसळतं. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ती रांग ऑफिसात आणता येत नाही, बग पुन्हा घडवता येत नाही. हाती असतो तो एकच रिपोर्ट. मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली, सोडल्यावर कुणी वापरली, हे तिन्ही स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनमधून कुठे आलो याच्या याद्या, त्यातच असायला हवेत. म्हणून काट्यावरच्या ऑपरेटरला सांगा, वरच्या दोन ओळींचा फोटो नको, पूर्ण लॉग पाठवा.