झाडं हिरवी, घरं राख: यात लेझर कुठून आला?

कॅलिफोर्नियातल्या आगी ‘लावलेल्या’ होत्या असं सांगणारा तो लांबलचक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. आधी हवाई बेटांवरच्या लहायना गावाच्या आगीच्या नावाने यायचा, मग जानेवारी 2025 च्या लॉस एंजेलिसच्या आगीच्या नावाने, आणि मी दरवेळी डिलीट करून गप्प बसायचे. यावेळी गप्प बसणार नाही, कारण यावेळी त्याने माझ्या ताईच्या घरी नुकसान केलंय. ताई आणि दाजी कॅलिफोर्नियात डोंगरउतारावर पाइनच्या झाडांत राहतात, घराला चिकटलेलं लाकडी कुंपण काढायचं आणि व्हेंटना, म्हणजे हवा खेळायला घराला ठेवलेल्या भोकांना, बारीक जाळी बसवायची हे त्यांचं नक्की झालं होतं, काम करणारा माणूससुद्धा ठरवला होता, तेवढ्यात मामांनी फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड टाकला आणि दाजी म्हणाले वरून लेझरच मारणार असतील तर कुंपण काढून काय उपयोग, राहू दे. काम थांबलं ते थांबलंच.

ज्यांच्याकडे तो आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरं जळून राख झाली पण शेजारची झाडं हिरवी आहेत, म्हणजे आग जंगलाची नव्हती, आकाशातून लेझर मारला. गाड्यांची अल्युमिनियमची चाकं वितळून वाहिली, जंगलाच्या आगीत एवढी उष्णता नसतेच. निळ्या वस्तू वाचल्या कारण लेझर निळ्या रंगावर चालत नाही. विमा कंपन्यांना आधीच माहीत होतं म्हणून त्यांनी पॉलिसी काढून घेतल्या. नळाचं पाणी मुद्दाम बंद केलं. घरमालकांचं काही गेलं नाही, विम्याने सगळं भरून दिलं. आणि शेवटी, घराभोवती साफसफाई करा वगैरे सल्ले म्हणजे लोकांना गुंतवून ठेवायचा प्रकार.

झाडांचा मुद्दा आधी घेते कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसानही तोच करतो.

आपल्या डोक्यात जंगलाच्या आगीचं चित्र असं असतं की ज्वाळांची एक भिंत येते आणि समोर येईल ते गिळत जाते, आधी झाड मग घर मग पुढचं झाड. घरं बहुतेक वेळा अशी जळतच नाहीत. जॅक कोहेन नावाचे अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसचे संशोधक, मोंटानातल्या मिझूलाच्या प्रयोगशाळेत होते, त्यांनी उभं आयुष्य याच एका प्रश्नावर घालवलं की घर नेमकं पेटतं कशाने. 1990च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये मुद्दाम जंगलाचे तुकडे पेटवून प्रयोग केले गेले, झाडांच्या शेंड्यापर्यंत ज्वाळा जातील अशी भयंकर आग, आणि तिच्यासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या, 10 मीटरवर, 20 मीटरवर, 30 मीटरवर. 10 मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, काही पेटल्या नाहीत. 20 आणि 30 मीटरवरची एकही पेटली नाही. एवढी मोठी आग समोर असून 20 मीटरवरचं साधं लाकूड पेटलं नाही, कारण ज्वाळांचा मोठा लोट एका जागी साधारण मिनिटभरच टिकतो, तेवढ्यात पानं, बारीक काड्या संपतात आणि आग पुढे सरकते.

मग घरं पेटतात कशाने? निखाऱ्यांनी. वारा जोराचा असला की जळती सालं, काड्या, शेजारच्या घराच्या छपराचे जळते तुकडे आगीच्या पुढे शेकडो मीटर, कधी किलोमीटरच्या वर उडत जातात. 2017 मध्ये सांता रोझाच्या कॉफी पार्क वस्तीत आग पोचली ती मधला सहा लेनचा हायवे ओलांडून, हजाराहून जास्त घरं गेली, आणि ती वस्ती जंगलात नव्हती, सपाटीवरची शहरी वस्ती होती. निखारा काय करतो तर छपराच्या पन्हळीत साठलेल्या वाळक्या पानांत पडतो, व्हेंटच्या मोठ्या भोकातून पोटमाळ्यावर शिरतो, दाराशी ठेवलेल्या काथ्याच्या पायपुसण्यावर बसतो, भिंतीलगत झाडांखाली पसरलेल्या लाकडाच्या ढलप्यांत घुसतो. तिथे तो धुमसत राहतो, कुणी बघायला नसतं कारण सगळे गाव सोडून गेलेले असतात, आणि काही वेळाने घर पेटतं. ते एकदा पेटलं की तासन् तास जळतं, आणि शेजारचं घर चार-पाच मीटरवर असेल तर त्याला पेटायला जंगल लागतच नाही.

आणि झाड? जिवंत झाडाच्या पानात पाणी असतं, बऱ्याचदा त्याच्या वाळलेल्या वजनाइतकं किंवा जास्त. ते पाणी उडेपर्यंत पान पेटत नाही. घराचं लाकूड मात्र वर्षानुवर्षं वाळलेलं, आत फर्निचर, गाद्या, प्लास्टिक. ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड चुलीत सारखं जळत नाही एवढं तर मामांनाही ठाऊक आहे. त्या फॉरवर्डमधला फोटो मी मोठा करून बघितला, तुम्हीही बघा: राखेच्या ढिगाच्या बाजूला जे झाड आहे त्याची घराकडची पानं तपकिरी करपलीयेत आणि पलीकडची हिरवी आहेत. म्हणजे झाडाला झळ लागली ती घराची लागली. झाडाने घर जाळलं नाही, घराने झाड भाजलं. लेझरचा पुरावा म्हणून फिरवलेल्या फोटोतच खरी गोष्ट दिसतेय आणि कुणी बघत नाही.

हे 2025 मध्ये पहिल्यांदा दिसलेलंही नाही. 2000 साली न्यू मेक्सिकोत लॉस अलामोसला आग लागली, ती वन्यजमिनीवर नियंत्रित म्हणून लावलेली आग हाताबाहेर गेली होती, दोनशेच्या वर घरं जळाली, तेव्हाही कोहेनना जळून सपाट झालेल्या घरांशेजारी न जळलेली झाडंझुडपं दिसली आणि त्यांनी ते लिहून ठेवलंय. पंचवीस वर्षं जुनी, नोंदवलेली, समजावून सांगितलेली गोष्ट आहे ही.

चाकांचं लवकर संपवते. अल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, चाकांचे मिश्रधातू त्याच्याही खाली. पेटलेल्या घराचं किंवा गाडीचं तापमान सहज 1000च्या आसपास जातं. टायर, सीट, इंधन जळत असताना चाक वितळणारच, गावातल्या रस्त्यावर नुसती गाडी पेटली तरी वितळतं.

निळ्या रंगाचं तर काय बोलायचं. लहायनात 8 ऑगस्ट 2023 ला दोन हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या, शंभराच्या वर माणसं गेली, आणि त्या राखेच्या मधोमध जे एक घर जवळजवळ जसंच्या तसं उभं राहिलं, ज्याचा फोटो जगभर गेला, त्याचं छप्पर लाल होतं. लाल! साधारण शंभर वर्षं जुनं लाकडी घर. मालकांनी थोड्याच दिवसांपूर्वी जुनं डांबरी छप्पर काढून जाड पत्र्याचं घातलं होतं आणि भिंतीलगतची झुडपं काढून तिथे नदीतले गोटे पसरले होते, तेही आगीसाठी नाही, पाणी आणि वाळवीच्या विचाराने. नशिबाचा भाग त्यात आहे हे मान्य. पण निखारा पडला तो पत्र्यावर आणि दगडावर पडला, त्याला खायला काही मिळालं नाही. आणि त्या आगीचं कारण तपासात 2024 मध्ये जाहीर झालंय, तुटलेल्या वीजतारांत पुन्हा वीज सोडली गेली, सकाळी आग लागली, विझली असं वाटलं आणि दुपारी वाऱ्याने तीच पुन्हा पेटली.

‘लावलेल्या’ आगी म्हणता ना, तर एका बाबतीत माणसाची चूक कोर्टात सिद्ध झालेली आहे. 2018 ची कॅम्प फायर नावाची आग, कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव, 85 मृत्यू, 18 हजारांच्या वर इमारती. सुरुवात झाली ती पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या जवळजवळ शंभर वर्षं जुन्या टॉवरवरचा एक लोखंडी हुक झिजून झिजून तुटल्यामुळे. तार खाली आली, ठिणग्या पडल्या. 2020 मध्ये कंपनीने सदोष मनुष्यवधाचे 84 गुन्हे कोर्टात कबूल केले. एवढी भयानक गोष्ट, कबुलीसकट समोर आहे, आणि फॉरवर्डमध्ये तिच्याबद्दल एक ओळ नाही. लेझरच्या नादात ज्यांना खरंच जाब विचारायला हवा ते बाजूला राहतात, मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

आता विमा. इथे मला अर्धी गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध करते. कंपन्या निघून गेल्या हे खरं आहे. स्टेट फार्म या विमा कंपनीने मे 2023 मध्ये कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी घेणं थांबवलं, मार्च 2024 मध्ये सुमारे 72 हजार पॉलिसी रिन्यू करणार नाही असं जाहीर केलं, आणि त्यात लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागातली घरंही होती जिथे जानेवारी 2025 मध्ये आग लागली. पण ‘जाहीर केलं’ हे लक्षात घ्या, बातम्यांत आलं, सगळ्यांनी वाचलं. ज्याला गुपित कट करायचाय तो दहा महिने आधी प्रेस नोट काढत नाही. त्यांना आग कोणत्या तारखेला लागणार हे माहीत नव्हतं, त्या उतारावर कधीतरी लागणार एवढं माहीत होतं, आणि ते तिथे राहणाऱ्या कुणालाही माहीत होतं. हे कंपन्यांचं कौतुक नाही. वर्षानुवर्षं हप्ते घेऊन ऐन वेळी हात वर करणं याला मी चांगलं म्हणणार नाही.

ताईचं झालं ते सांगते म्हणजे ‘काही गेलं नाही’ म्हणणाऱ्यांना कळेल. एकही क्लेम नसताना नॉन-रिन्यूअलचं पत्र आलं. दुसरी कंपनी घेईना. घरावर कर्ज आहे म्हणजे विमा पाहिजेच, नाही घेतला तर बँक स्वतः महागडा विमा लावते आणि पैसे आपल्याकडून घेते. शेवटी फेअर प्लॅन, म्हणजे कुणीच घेत नाही त्यांच्यासाठीची राज्यातली शेवटची सोय, 1968 पासून आहे. तो मुख्यतः आग, धूर एवढंच बघतो, चोरी किंवा पाइप फुटून पाणी शिरलं तर नाही, म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक वेगळी पॉलिसी. दोन्ही मिळून आधीपेक्षा कितीतरी जास्त पैसे, आणि अजून आग लागलेलीही नाही.

आणि जिथे लागली तिथे विम्याने सगळं भरून दिलं? पॉलिसीत आकडा असतो, त्याच्या वर मिळत नाही. हजारो घरं एकदम जळली की सगळ्यांना एकाच वेळी सुतार, प्लंबर, लाकूड हवं असतं, बांधकामाचा खर्च वाढतो आणि तो जुना आकडा अपुरा पडतो. नव्या नियमांप्रमाणे बांधायला लागणारा जास्तीचा खर्च वेगळा, त्याचं कव्हर घेतलं नसेल तर खिशातून. घर नाही तरी कर्जाचा हप्ता चालू. सामानाचे पूर्ण पैसे हवेत तर खोलीखोलीची यादी करायची, काय होतं, कधी घेतलं, केवढ्याला घेतलं. स्वतःच्या राखेसमोर बसून कपाटात काय काय होतं ते आठवणाऱ्या माणसाला ‘फायद्यात राहिला’ म्हणायला जीभ कशी रेटते?

पाण्याचंही अर्धं खरं आहे. पॅलिसेड्समध्ये हायड्रंट, म्हणजे आग विझवायला रस्त्यावर असलेले पाण्याचे नळ, कोरडे पडले, आणि जवळचा सांता इनेझ जलाशय, जवळजवळ 44 कोटी लिटरचा, झाकण फाटलं म्हणून दुरुस्तीसाठी रिकामा होता. लोकांनी त्यावर प्रश्न विचारले ते बरोबरच आहे. पण शहराची पाइपलाइन एकदोन घरांची आग विझवण्याच्या हिशोबाने असते, ताशी 130 किलोमीटरच्या वर झोत सुटलेत, आग विझवणारी विमानं उडू शकत नाहीत आणि शेकडो घरं एकदम पेटलीत अशा रात्रीसाठी ती बनवलेलीच नसते.

आणि हे सगळं बाजूला ठेवून जो मुद्दा दाजींना लागला तो, म्हणजे साफसफाईने काही होत नाही. होतं. कोहेनच्या कामाचा सगळा अर्थच तो आहे की घर वाचणार की नाही हे मुख्यतः घर आणि त्याच्या भोवतीचे साधारण 30 मीटर ठरवतात, त्यातही भिंतीलगतचे पहिले पाच फूट. त्या पाच फुटांत जळणारं काही नको, ढलप्या नको, झुडूप नको, सरपणाचा ढीग नको. पन्हळी झाडायच्या, व्हेंटला तीन मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक धातूची जाळी, आणि कुंपण घराला जिथे टेकतं तो तुकडा लाकडाऐवजी लोखंडी. यातल्या निम्म्या गोष्टींना झाडू आणि एक रविवार लागतो. छप्पर बदलणं महाग आहे, ते सगळ्यांना परवडत नाही, आणि शेजाऱ्याने काहीच केलं नाही तर आपलं केलेलंही अपुरं पडू शकतं, हे मी लपवत नाही.

पैशाच्या बाजूनेही दाजींनी हे करावं. 2022 पासून कॅलिफोर्नियात नियम आहे की घरमालकाने अशी कामं केली असतील तर विमा कंपनीने हप्त्यात सवलत द्यायची. सवलत फार मोठी नसते आणि तेवढ्याने पॉलिसी रिन्यू होईलच अशी खात्रीही नाही. पण त्याच नियमाप्रमाणे घराला दिलेला आगीचा रिस्क स्कोअर कंपनीला लेखी सांगावा लागतो आणि तो चुकीचा वाटला तर अपील करता येतं. तेव्हा आधी कुंपण काढा, पहिल्या पाच फुटांचे फोटो काढा, जाळीच्या पावत्या जपून ठेवा आणि मग तो स्कोअर मागा.