वर रिकाम्या खुर्च्या, खाली हजार माणसं

दोराला टांगून स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारी लिफ्टची खुर्ची चार जणांची, त्यात दोघंच. तिच्या मागच्या खुर्चीत एकटाच माणूस, मांडीवर पोल, म्हणजे स्कीच्या काठ्या, आडवे टाकून निवांत. त्यामागची साफ रिकामी. आणि खाली ओल्या बर्फात हजारभर माणसं ताटकळत उभी. नोव्हेंबर संपता संपता अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड डोंगरांत पहिला दणदणीत बर्फ पडला, की सिएटलहून तास-दोन तासांवरच्या कुठल्याही स्कीच्या डोंगरावर शनिवारी सकाळी जा, हेच दिसेल. गर्दीबद्दल तक्रार नाही. सहा महिने वाट बघितलेली माणसं पहिल्या बर्फाला येणारच. डोकं फिरतं ते त्या रिकाम्या जागांनी.

हिशेबच मांडू. जुन्या धाटणीच्या लिफ्टवर, म्हणजे जिच्या खुर्च्या दोराला कायमच्या आवळलेल्या असतात तिच्यावर, साधारण दर 6 सेकंदांनी एक खुर्ची येते. तासाला 600 खुर्च्या, चौघांच्या हिशेबानं 2,400 जागा. आता खुर्चीमागे सरासरी अडीच माणसं बसली तर वर पोचतात 1,500. उरलेल्या 900 जागा हवा खाऊन परत येतात. तुमच्यापुढं हजार माणसं असतील, तर भरलेल्या खुर्च्यांनी 25 मिनिटांत नंबर लागला असता, तो अशा खुर्च्यांनी 40 मिनिटांत लागतो. उतरून यायला लागतात जेमतेम पाच मिनिटं. म्हणजे आपण स्कीइंगला आलोय की रांगेत उभं राहायला, हे एकदा ठरवून टाकलेलं बरं.

हे होतं कशामुळं? तर रांगेच्या अगदी तोंडाशी येईपर्यंत कुणीच आपापली चौकडी जमवत नाही. गेट उघडलं की मागं वळून "अगं, तू कुठंयस?" सुरू. तोवर खुर्ची गेली. अहो, जोडी जमवायची ती दोन रांगा एकत्र येतात त्याच्या आधी. एकत्र येतात तिथं एक गट डावीकडचा, एक उजवीकडचा, असं आळीपाळीनं सुटायचं. दोघंच असाल तर शेजारच्या दोघांना नुसतं "तुम्ही दोघं का?" विचारायचं. एकटे असाल तर सिंगल्सच्या रांगेत जायचं. तिथं दोन-तीन जणांच्या खुर्चीतली उरलेली जागा मिळते आणि नंबर निम्म्या वेळात लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागून घेणारी आपली माणसंसुद्धा इथं चौघांच्या खुर्चीवर दोघंच ऐसपैस पसरतात, याला काय म्हणावं! अनोळखी माणसाशेजारी सहा-सात मिनिटं बसल्यानं काही बिघडत नाही.

पुढचा गोंधळ चढण्याचा. खुर्ची आली की भांबावून पाय एकमेकांत अडकतात, माणूस पडतो, लिफ्ट थांबते. एक मिनिट थांबली की 40 जागा गेल्या. तासात दहा वेळा थांबली की 400. चढणं अवघड नाही, पण ते रांगेत असतानाच समजून घ्यावं लागतं. पोलचे पट्टे मनगटातून आधीच काढा आणि दोन्ही पोल एका हातात धरा. पाठीवरची सॅक पुढं घ्या, नाहीतर तिचा पट्टा खुर्चीत अडकतो आणि वर उतरताना माणूस लटकत राहतो. हा विनोद नाही, गंभीर अपघात आहे. 'इथं थांबा'च्या पाटीपाशी थांबा, पुढची खुर्ची समोरून गेली रे गेली की लगेच 'इथं बसा'च्या रेघेपर्यंत सरका, बाहेरच्या बाजूनं खांद्यावरून मागं बघा, आणि खुर्ची टेकताच बसा. वर उतरताना स्कीची टोकं उचललेली, उठून सरळ पुढं, आणि उताराच्या तोंडापासून दहा मीटर तरी लांब गेल्याशिवाय थांबायचं नाही. तिथंच गॉगल पुसणारे, फोन काढणारे आणि स्नोबोर्डचं बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, आवळायला बूड टेकून बसणारे यांच्यामुळं मागचे चौघे येऊन आदळतात आणि लिफ्ट परत थांबते.

गेटवरही तेच. पास डावीकडच्या खिशात एकटा ठेवायचा, कारण बहुतेक गेट डावीकडून वाचतात. त्याच खिशात फोन ठेवला की पास वाचला जात नाही. मग माणूस कमरेनं गेटला घासत नाचतो, जाकीट उघडतो, हातमोजे पाडतो. मागं पन्नास जण थंडीत बघत उभे.

"मग वेगवान लिफ्ट बसवा ना" असं म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. वेगवान लिफ्टवरही खुर्च्या सहाच सेकंदांनी येत असतील तर तासाला माणसं तेवढीच वर जातात. दीड किलोमीटरचा दोर धरा. सेकंदाला 2.3 मीटरनं अकरा मिनिटं लागतात, 5 मीटरनं पाच. म्हणजे जी सव्वादोनशे-अडीचशे माणसं आधी हवेत बसून होती ती आता खाली रांगेत उभी. वेगवान लिफ्ट हवीच, बसणाऱ्याला थंडी कमी लागते, चढताना खुर्ची हळू होत असल्यानं पडापडीही कमी होते. पण रांग कमी व्हायची तर जागा भरल्या पाहिजेत. आणि जागा भरायला गेटपाशी एक माणूस हवा: "दोन आणि दोन, तीन आणि एक" असं ओरडत खुर्च्या जुळवणारा. हे काम मोठ्या आवाजाचं एखादं कॉलेजचं पोर अर्ध्या तासात शिकतं. व्यवस्थापनाला पार्किंगचे पैसे घ्यायला माणूस सापडतो, इथं उभा करायला सापडत नाही. दहातल्या दोन लिफ्ट चालू असताना तिकिटं पूर्ण डोंगराची असल्यासारखी विकायची, आणि वर रांग लांब का म्हणून पाहुण्यांकडं बोट दाखवायचं!

आता बर्फाचं बोलू, कारण निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. सकाळच्या अहवालात '12 इंच नवा बर्फ' वाचून लोक गाड्या काढतात. हा आकडा साधारण वरच्या भागातल्या मोजफळीवरचा असतो. खाली पार्किंगपाशी त्याच वेळी पाऊस पडत असू शकतो. स्नोक्वाल्मी खिंड 3,022 फुटांवर आहे, स्टीव्हन्स खिंड 4,061 फुटांवर. आपलं महाबळेश्वर दोन्हींपेक्षा उंच! बर्फ पडतो तो अक्षांशामुळं आणि पॅसिफिकवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यामुळं, आणि म्हणूनच तो ओला, जड असतो. इथले जुने लोक त्याला 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात ते उगाच नाही. हंगामाच्या सुरुवातीला त्याच्याखाली जुना थर नसतो. मोकळ्या जमिनीवरचे 12 इंच, सपाटीकरणाचं यंत्र एकदा फिरलं आणि शे-दोनशे माणसं घसरली, की चार-पाच इंच उरतात. त्याखाली दगड, हकलबेरीची झुडुपं आणि तोडलेल्या झाडांचे खुंट तसेच असतात. गवताच्या उतारावर फूटभर बर्फात भागतं; दगड-खुंटांच्या उतारावर तीन-चार फूट लागतात. कृत्रिम बर्फाची आशा धरू नका. ओल्या थर्मामीटरचं (हवेतला दमटपणा धरून मोजलेलं) तापमान उणे 2 अंशांच्या खाली असेल तरच ती यंत्रं नीट चालतात, आणि इथं पारा शून्याच्या आसपास घुटमळतो.

म्हणून पहिल्या दिवशी नवी कोरी महागडी स्की आणणाऱ्यांची कीव येते, आणि संध्याकाळी दुरुस्तीच्या दुकानात ते भांडतात तेव्हा रागही येतो. या दिवसाला जुनी, ओरखडलेली जोडीच काढायची. दगडावर तळ फाटून आतला गाभा दिसला, तर वितळलेल्या प्लॅस्टिकच्या मेणबत्तीनं भरलेलं टिकत नाही. तिथं तुकडा बसवावा लागतो. स्कीच्या पोलादी कडेला दगड लागला तर आधी डायमंडच्या पट्टीनं घासा. दगडाच्या ठिणगीनं ती जागा कठीण झालेली असते, तिथं थेट कानस मारली तर कानस नुसती घसरते आणि तिचेच दात जातात. आणि शून्याजवळच्या नव्या बर्फासाठी उष्ण तापमानाचं मेण लावा. तेही नीट खरवडून आणि ब्रशनं घासून. नाहीतर सपाट जागी स्की अचानक चिकटते आणि माणूस तोंडावर पडतो.

दोनच वाटा उघड्या, त्यावर सगळे. तरी वाटेच्या मधोमध, चढाच्या पाठीमागं, वरून दिसणार नाही अशा ठिकाणी टोळकं थांबतंच! नियम साधा आहे आणि तो प्रत्येक लिफ्टच्या खांबावर लिहिलेला असतो: जो खाली, पुढं आहे त्याला वाट द्यायची, थांबायचं तर कडेला आणि वरच्याला दिसेल असं, परत निघताना आधी वर बघायचं. आणि "मी वेगानं येत होतो, तो मध्ये आला" ही सबब चालत नाही. तो खाली होता, चूक वरच्याची.

दोऱ्या ओलांडणारे तर वेगळ्याच दर्जाचे. वाट दोरीनं बंद केलेली असते ती कर्मचाऱ्यांच्या आळसामुळं नाही. आत उघडा ओढा वाहत असतो, किंवा एक फूट मऊ बर्फाखाली खुंट दडलेले असतात. वॉशिंग्टन राज्यात पाटी लावून बंद केलेल्या भागात जाणूनबुजून स्की करणं हा गुन्हा आहे. पास जप्त होणं ही त्यातली सौम्य शिक्षा. शिवाय, सदाहरित झाडांच्या खालच्या फांद्यांआड बुंध्याभोवती मोकळी पोकळी राहते. त्यात डोक्यावर पडलेला माणूस स्वतःहून क्वचितच बाहेर येतो, आणि धडपडला की बर्फ आणखी आत ढासळतो. झाडीत जायचंच तर जोडीनं, एकमेकांना नजरेत ठेवून, पोलचे पट्टे मनगटातून काढून. जोडीदार खाली लिफ्टपाशी वाट बघतोय, याला जोडीनं म्हणत नाहीत.

स्की-बूट भाड्यानं देणाऱ्या दुकानातली रांग ही आणखी एक शिक्षा. ऑनलाइन फॉर्म आदल्या रात्री भरता येतो, पण नाही, काउंटरवर येऊन बुटाचं माप आठवत बसायचं. वजन सांगताना लाजायचं आणि कौशल्य सांगताना फुगवायचं, ही तर सार्वत्रिक खोड. बाइंडिंगचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटावा ते, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. वजन कमी सांगितलं तर स्की भलत्या वळणावर निघते. आपण तरबेज आहोत असं सांगितलं तर पडल्यावर निघतच नाही आणि गुडघा पिरगळतो. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ बाइंडिंगच्या कडेवर किंवा पोलनं खरवडल्याशिवाय टाच दाबू नका. खटका लागल्यासारखा वाटतो, लागलेला नसतो. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा. दोन-दोन लोकरी मोजे घातले की रक्तपुरवठा आवळतो आणि पाय उलट गार पडतात. जीन्स घालून येणाऱ्यांना काय सांगायचं? एक अंश तापमान आणि ओला बर्फ, म्हणजे अर्ध्या तासात मांड्यांना ओलं पोतं. मग ती मंडळी साडेदहाला आत येऊन टेबल धरतात. सहा खुर्च्यांवर सहा हेल्मेट ठेवून दुपारी दोनपर्यंत! थालीपीठं, चटणी-पोळी घरून आणा, उत्तमच, पण खाऊन झालं की उठा. ट्रे घेऊन आलेली लहान मुलं उभ्यानं सूप पितायत.

आणि हे सगळं, रस्ता पार करून पोचलात तर. आय-90 महामार्गावर 'सगळ्यांना चेन (बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी) बंधनकारक, ऑल-व्हील ड्राइव्ह वगळून' अशी पाटी लागली, की ऑल-व्हीलवाल्यांना वाटतं आपल्याला काहीच लागू नाही. चुकीचं. चेन लावण्यातून सूट आहे, गाडीत बाळगण्यातून नाही. चेन सक्तीची असताना न लावल्यास दंड 500 डॉलरपर्यंत. शिवाय ऑल-व्हील ड्राइव्हनं गाडी सुटायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. साध्या टायरचं रबर 7 अंशांच्या खाली कडक होतं, पकड जाते, आणि चढावर अशी एक गाडी आडवी झाली की मागं सगळी खिंड बंद.

चेन लावायची ती फ्रंट-व्हील गाडीला पुढच्या चाकांवर, आणि ठरवून दिलेल्या रुंद जागेत, चालत्या लेनमध्ये नाही. आधी आतल्या बाजूची कडी, मग बाहेरची, मग ताण. शे-दोनशे फूट गाडी पुढं घेऊन पुन्हा आवळा, कारण पहिल्या ताणाला चेन हमखास सैल पडते. वेग ताशी 30 मैलांच्या आत. ही कसरत पहिल्यांदा अंधारात, गोठलेल्या बोटांनी, ट्रकच्या चिखलाच्या फवाऱ्यात करण्यापेक्षा घरासमोर कोरड्यात एकदा करून बघा. आणि दुकानातल्या सवलतीत उचललेली ती चेन तुमच्याच टायरच्या मापाची आहे ना, हे टायरच्या बाजूवरचा आकडा डब्यावरच्या आकड्याशी जुळवून निदान निघण्याआधी तरी तपासा.