पोर्ट ४० गीगाबिटचा, वेग ४० मेगाबाइटचा: दोष कोणाचा?

एक संदेश बरेच दिवस हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘४० गीगाबिटच्या पोर्टला भुलू नका. तो वेग कुणाच्याच पदरात पडत नाही. केबल आतून साऱ्या सारख्याच, महागडी केबल म्हणजे लूट. हबमधून मॉनिटर जोडला की माऊस अडखळतो. थंडरबोल्टमुळे संगणक चोरांना उघडा पडतो. फायरवायर गेला तसा हाही जाणार. जुना निळा यूएसबी पोर्ट पुरेसा आहे.’

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, मधली काही एकेकाळी खरी होती, आणि केबलबद्दलचं साफ चूक आहे. बाकीच्या बऱ्याच तक्रारी या केबलच्या गैरसमजातूनच उगवतात, म्हणून सुरुवात तिथून. त्याआधी नावांची ओळख: ४० गीगाबिटचा पोर्ट म्हणजे टाइप-सी या लहान लंबगोल आकाराचा, थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ ही वेगवान पद्धत चालवणारा पोर्ट. निळा पोर्ट म्हणजे ५ गीगाबिटच्या यूएसबीचा जुना आयताकृती पोर्ट.

‘केबल आतून साऱ्या सारख्याच’

टाइप-सीच्या प्लगात २४ संपर्कांची सोय आहे, पण केबलमध्ये त्या सगळ्यांसाठी तारा हव्यातच असं बंधन नाही. चार्जिंगसाठी म्हणून मिळणाऱ्या केबलमध्ये बहुधा वीज, ग्राउंड, एक नियंत्रणाची तार आणि डेटाची एकच जोडी असते. ही जोडी म्हणजे २००० सालचं यूएसबी २.०: कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट. वेगवान डेटाच्या चार जोड्या त्या केबलमध्ये नसतातच. मग एका टोकाला ४० गीगाबिटचा पोर्ट आणि दुसऱ्या टोकाला तितकीच वेगवान एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असली, तरी कॉपी चालते ४० मेगाबाइटने. संगणक बहुतेकदा चकार शब्द काढत नाही आणि शिव्या पोर्टला बसतात.

प्लग उजेडात धरून आत पाहा. आतल्या वरच्या-खालच्या दोन्ही ओळींत सोनेरी संपर्कांमध्ये मोकळ्या जागा दिसल्या, तर ती केबल जवळपास नक्की यूएसबी २.०ची. एका ओळीतल्या मधल्या दोन सोडून सगळ्या जागा भरलेल्या दिसल्या तर मात्र एवढ्यावरून खात्री धरू नका. संपर्क आहेत, पण मागे तारच नाही, असंही असतं.

लांबीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. ४० गीगाबिट म्हणजे प्रत्येक दिशेला २० गीगाबिटच्या दोन लेन, म्हणजे डेटाच्या दोन समांतर वाटा. इतक्या वेगाचा सिग्नल तांब्याच्या तारेत झपाट्याने क्षीण होतो. म्हणून साध्या, म्हणजे आत चिप नसलेल्या केबलला ४० गीगाबिटसाठी साधारण ०.८ मीटरची मर्यादा आहे. थंडरबोल्ट ३च्या काळात अशीच २ मीटरची साधी केबल घेतली, की वेग २० गीगाबिटवर उतरायचा. २ मीटरवर पूर्ण वेग हवा असेल, तर टोकांत सिग्नल सावरणाऱ्या चिप असलेली सक्रिय केबल लागते. जास्तीचे पैसे जातात ते तिथे. त्यातही एक मेख आहे: थंडरबोल्ट ३च्या बऱ्याच सक्रिय केबल साध्या यूएसबी डिस्कला लावल्या, की थेट ४८० मेगाबिटवर येतात. थंडरबोल्ट ४च्या केबलमध्ये ही अडचण राहिलेली नाही, त्यामुळे एकच केबल घ्यायची असेल तर तीच घ्यावी.

विजेचंही तसंच. ३ अँपिअरच्या पुढे, म्हणजे ६० वॉटच्या वर जायचं तर केबलमध्ये ओळख सांगणारी ई-मार्कर चिप लागते. ती नसेल तर १०० वॉटचा चार्जरही ६० वॉटच देतो.

‘तो वेग कुणाच्याच पदरात पडत नाही’

आधी हिशेब नीट करू. जाहिरातीत गीगाबिट असतात, कॉपीच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात. आठाने भागायचं आणि वर पॅकिंगचा खर्च वजा करायचा. ५ गीगाबिटच्या यूएसबीमध्ये दर ८ बिटांमागे १० बिट पाठवले जातात, म्हणून कमाल ५०० मेगाबाइट. हातात येतात ४३० ते ४५०. १० गीगाबिटवर साधारण १,०००. थंडरबोल्ट ३ने ४० गीगाबिटांपैकी डिस्कच्या डेटाला सुमारे २२च दिले आणि बाकीचे मॉनिटरसाठी राखले, म्हणून त्या पिढीच्या एसएसडी २,८०० मेगाबाइटच्या आसपास थांबतात. अलीकडच्या यूएसबी४ कंट्रोलरच्या एन्क्लोजरमध्ये (एसएसडी बसवायच्या बाहेरच्या डबीत) ३,००० ते ३,८०० मिळतात. तेव्हा ‘५,००० मिळत नाहीत’ हे खरं. ‘काहीच मिळत नाही’ हे खोटं.

इथे खरा खलनायक वेगळाच आहे. २० गीगाबिटची यूएसबी ३.२ डिस्क घ्यावी, खोक्यावर २,००० मेगाबाइट लिहिलेलं असावं, आणि ४० गीगाबिटच्या पोर्टला लावल्यावर तिने १,०००च द्यावेत, असं सर्रास घडतं. दोन लेनची ती जुनी २० गीगाबिट पद्धत यूएसबी४मध्ये सक्तीची नाही. पोर्टाला ती येत नसेल तर दोघं १० गीगाबिटवर तडजोड करतात. यात चूक मानकं ठरवणाऱ्यांची, आणि त्यांच्या नावं देण्याच्या पद्धतीची तर किती सांगावी! त्याच ५ गीगाबिटला आधी ३.०, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १ म्हटलं गेलं. २०२२पासून नुसता आकडाच लिहावा अशी शिफारस आहे. खरेदी करताना नाव सोडा, ‘१० जीबीपीएस’, ‘४० जीबीपीएस’ एवढाच आकडा शोधा.

वेग सुरुवातीला चांगला आणि दोन-तीन मिनिटांनी कोसळतो? तो पोर्ट नव्हे. बहुतेक एसएसडी आपला काही भाग तात्पुरत्या जलद लेखनासाठी राखतात. तो भरला की मूळ वेग उघडा पडतो, आणि क्यूएलसी प्रकारच्या (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) ड्राइव्ह तर हार्ड डिस्कच्या पंगतीला येऊन बसतात. दुसरं कारण उष्णता. एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार) एन्क्लोजर उघडा आणि चिप व धातूच्या झाकणामधला मऊ पॅड तपासा. त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची फिल्म असते, आणि ती काढायची हमखास राहून जाते. मग उष्णता झाकणापर्यंत नीट पोचत नाही आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला वेग कमी करते.

विंडोजवर लेखनच संथ असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या ‘पॉलिसीज’मध्ये जा. २०१८च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हा पर्याय आपोआप निवडलेला असतो, आणि त्यात राइट कॅशिंग (लिहायचा डेटा आधी मेमरीत जमवणं) बंद असतं. ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडून राइट कॅशिंग सुरू केलं की फरक पडतो; मात्र त्यानंतर ‘इजेक्ट’ न करता केबल उपटली तर फायली बिघडू शकतात. आणि हजारो बारीक फायली कॉपी करत असाल, तर कोणताही पोर्ट लावा, वेळ प्रत्येक फाइलच्या नोंदीत जातो. आधी एकत्र झिप करा.

जोडणी किती वेगावर ठरली आहे ते पाहायला मॅकवर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये यूएसबी किंवा थंडरबोल्ट उघडा. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘टी’ पर्यायासह चालवली, की यूएसबी उपकरणापुढे ४८०, ५००० किंवा १०००० असा आकडा येतो. ४८० दिसला, की आधी केबल बदलून पाहा.

‘हबमधून मॉनिटर जोडला की माऊस अडखळतो’

अडखळतो, हे खरं. त्याची दोन कारणं आहेत आणि लोक ती एकातच गुंडाळतात.

पहिलं: साध्या टाइप-सी हबमध्ये वेगवान डेटाच्या चार जोड्या चित्र आणि यूएसबी यांच्यात वाटाव्या लागतात. हब ५ गीगाबिटचं यूएसबी देत असेल, तर चित्राला दोनच उरतात. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाने दोन जोड्यांतून साधारण ८.६ गीगाबिट जातं, आणि ४के चित्राला ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांसाठी, १२.५ लागतं. म्हणून मॉनिटर ३० हर्ट्झवर येतो आणि बाण तुटक धावतो. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४चे असले, तर दोन जोड्यांत १२.९६ मावतं, ६० हर्ट्झ जेमतेम बसतं. यूएसबी४ किंवा थंडरबोल्टच्या डॉकमध्ये (म्हणजे मोठ्या हबमध्ये) ही वाटणीच नसते, कारण चित्र आणि डेटा एकाच प्रवाहात पॅकेट होऊन जातात. म्हणजे ज्या पोर्टला दोष दिला जातो तोच या दुखण्यावरचा उपाय आहे. मात्र एम१ आणि एम२ मॅकबुक एअर कितीही भारी डॉकला लावला, तरी थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो. ती चिपची मर्यादा.

दुसरं: ५ गीगाबिट यूएसबीचा विद्युत गोंगाट २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२मध्येच यावर निबंध काढला होता. वायरलेस माऊसचा डोंगल (सिग्नल पकडणारा छोटा प्लग) हबच्या त्या पोर्टाशेजारी खोचलेला असेल, तर माऊस दचकत चालतो. डोंगल अर्ध्या मीटरच्या यूएसबी २.० एक्स्टेंशनवर न्या, काम झालं.

‘थंडरबोल्टमुळे संगणक उघडा पडतो’

२०१९चं थंडरक्लॅप आणि २०२०चं थंडरस्पाय ही संशोधनं खरी आहेत. थंडरबोल्ट उपकरणाला मेमरीशी थेट व्यवहार करता येतो, त्यात ही फट होती. पण हल्ल्यासाठी तुमच्या यंत्राला प्रत्यक्ष हात लावावा किंवा काही जोडावं लागतं, आणि मेमरीवर पहारा ठेवणारं संरक्षण थंडरबोल्ट ४मध्ये सक्तीचं आहे. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘कर्नल डीएमए प्रोटेक्शन’पुढे ‘ऑन’ आहे ना ते बघा. जुन्या यंत्रात नसेल, तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) थंडरबोल्ट ‘डिस्प्लेपोर्ट आणि यूएसबी’पुरता ठेवता येतो. कीबोर्ड असल्याचं सोंग करणारा पेन ड्राइव्ह तर निळ्या पोर्टातही चालतो, हे संदेश लिहिणारा विसरला.

‘फायरवायर गेला तसा हाही जाणार’

फायरवायर ही कॅमेरे आणि डिस्क जोडण्याची जुनी पद्धत. तिच्याशी तुलना २०११मध्ये शोभली असती. तेव्हा थंडरबोल्ट मिनी डिस्प्लेपोर्टच्या आकारात, मोजक्या यंत्रांत, वेगळ्या चिपसह आला. फायरवायरचीही तीच गत होती: वेगळा पोर्ट, वेगळा कंट्रोलर, वर परवान्याचं शुल्क. पण २०१५च्या थंडरबोल्ट ३ने टाइप-सीचाच आकार घेतला आणि २०१९मध्ये इंटेलने त्याची रचना यूएसबीच्या गटाला देऊन टाकली. त्यातून यूएसबी४ जन्मलं. आता मरायचं तर यूएसबीलाच मरावं लागेल. जुन्यांची सोय मात्र सगळीकडे नाही: सुरुवातीच्या काही थंडरबोल्ट ३ डिस्क साध्या यूएसबी पोर्टात अजिबात दिसत नाहीत, आणि थंडरबोल्ट २च्या उपकरणांना अॅपलचा अडॅप्टर लागतो, जो मिनी डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर चालवत नाही.

‘निळा पोर्ट पुरेसा आहे’

१०० जीबीचा एक मोठा व्हिडिओ घ्या. यूएसबी २.०वर सुमारे ४२ मिनिटं, निळ्या पोर्टवर पावणेचार मिनिटं, १० गीगाबिटवर १०० सेकंद, ४० गीगाबिटवर साधारण ३३. पहिली उडी डोळ्यांत भरते. शेवटची रोज असे व्हिडिओ हलवणाऱ्यालाच जाणवेल. फिरती हार्ड डिस्क तर १५० ते २५० मेगाबाइटच देते, तिला निळा पोर्टही सैल होतो. एवढंच बघायचं, की प्लग झटक्यात आत सारायचा. सावकाश सारला तर यूएसबी २.०चे पुढचे चार संपर्क आधी जुळतात, आणि डिस्क कधी कधी ४८० मेगाबिटवरच अडकून राहते.

मात्र एकाच केबलवर लॅपटॉपचं चार्जिंग, दोन ४के मॉनिटर आणि वेगवान डिस्क हवी असेल, तर निळ्या पोर्टाचा उपयोग नाही. त्याच्या ९ संपर्कांत ग्राफिक्सचं चित्र थेट नेणारी वाट नाही आणि लॅपटॉप चार्ज करणारीही नाही.