एका शेकोटीने काय बिघडतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जंगलातल्या मुक्कामावरचा माझा लेख म्हणजे वनखात्याची सूचनापाटी झाली आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवर रोज चुली पेटतात, मग आम्ही सहा जणांनी डिसेंबरात एक शेकोटी केली तर जंगल जळतं का? शौचाला खड्डा खणून बसा हा सल्ला हास्यास्पद आहे. आणि येऊरला रात्रभर डीजे वाजतो त्याचं काय?

डीजेबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. तो बंद व्हायला हवा, आणि त्याची तक्रार प्रत्येक वेळी करायला हवी (रात्री पोलिसांच्या ११२ क्रमांकावर, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर). पण त्याच्या नावावर आपली शेकोटी माफ होत नाही.

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं परिक्षेत्र (रेंज) आहे. तिथे रात्रीचा मुक्कामच परवानगीशिवाय चालत नाही, मग शेकोटी तर पुढची गोष्ट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२चं कलम २७ प्रवेशाबद्दल आहे आणि कलम ३० विस्तवाबद्दल. उद्यानाबाहेरच्या राखीव वनाला भारतीय वन अधिनियम १९२७चं कलम २६ लागू होतं. त्यात आग लावणं तर आहेच, पण मनाई असलेल्या हंगामात विस्तव नुसता जवळ बाळगणंही गुन्ह्यात बसतं.

आता चुलीची बरोबरी. पाड्यावरची चूल घरात किंवा ओसरीवर असते, तिला तीन बाजूंनी मातीची भिंत असते, आजूबाजूचं अंगण सारवलेलं किंवा निदान झाडलेलं असतं आणि भाकऱ्या झाल्या की लाकडं ओढून घेतात. तुमची शेकोटी रात्री आठला पेटते ती दोनपर्यंत जळते, तीही गवतात. डिसेंबरात आपल्या डोंगरांवरचं गवत कमरेएवढं आणि पिवळं असतं. खारघर आणि पारसिकच्या डोंगरांवर उन्हाळ्यात रात्री ज्या आगीच्या रेघा दिसतात, त्या याच गवतातून पळतात. फेब्रुवारीनंतर सागाची पानगळ त्यात भर घालते. ताटाएवढं वाळकं पान पेटलं की गरम हवेबरोबर उचललं जातं आणि दहा-पंधरा पावलांवर जाऊन पडतं, हे वणवा विझवणाऱ्या कोणालाही विचारा.

शिवाय लाकूड आणायचं कुठून? वाळकी फांदी म्हणजे कोणाची तरी मोळी असते. जंगलालगतच्या गावांना गौण वनउपज (काटक्या, मध, पानं वगैरे) गोळा करायचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्याने दिला आहे, शनिवारी रात्री आलेल्या आपल्याला नाही. आणि मोळीपुरतं वाळकं सापडलं नाही की हात कारवीच्या झुडपांकडे जातो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. फुलण्याआधी तोडलेल्या कारवीचं बी कधी पडतच नाही.

खरी अडचण मात्र पेटवण्यात नाही, विझवण्यात आहे. वरची राख पांढरी पडली की लोकांना वाटतं झालं. मग बुटाने माती लोटून निघतात. विस्तव सकाळपर्यंत राखायचा असला की घरातल्या बाया निखारा राखेखाली पुरतात; मातीखाली ढकललेल्या शेकोटीचंही तेच होतं. निखारा एखाद्या सुक्या मुळाला लागला तर आतल्या आत धुमसत जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटल्यावर भलतीकडे वर येतो. तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. नीट विझवायचं तर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि हाताची मागची बाजू राखेत टेकवता येईपर्यंत हे चालू ठेवा. सहा जणांच्या शेकोटीला दहा लिटर तरी लागतं. डिसेंबरात ओहोळ आटलेले असतात. माणशी चार लिटर पिण्या-रांधण्याचं धरलं तर सहा जणांचं चोवीस लिटर, म्हणजे चोवीस किलो, आधीच पाठीवर आहे. त्यात विझवायचं दहा लिटर कोण उचलणार? कोणी उचलत नाही, म्हणून माती लोटली जाते.

शेकोटीभोवती ओढ्यातले गोटे मांडू नका, हेही जाता जाता सांगतो. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपची थेट चेहऱ्यावर येते. कड्याखाली किंवा गुहेच्या तोंडाशी तर धूर मुळीच नको. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, धुराने ती उठतात, आणि आग्या माश्या चांदण्या रात्रीही उडतात.

मग खायचं काय? छोटा गॅस स्टोव्ह चालेल, पण स्वतःच्या गाडीने जाणार असाल तरच. लोकलमध्ये गॅसचा डबा नेता येत नाही. आणि राखीव वनात स्टोव्हचीही परवानगीत नोंद हवी, कारण तोही विस्तवच. तो सपाट कातळावर ठेवा, भोवतीचं हातभर गवत-पान बाजूला करा, आणि तंबूत कधीच पेटवू नका: कापड पेटतं, आणि बंद जागेत साठणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. एका रात्रीसाठी माझं मत स्वयंपाक नकोच असं आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची सुकी चटणी आणि थर्मासमधला चहा यात भागतं, आणि भांडी धुवायचं पाणीही वाचतं.

आता खड्ड्याकडे. त्यात हसण्यासारखं काही नाही. पाणी, वाट आणि तंबू यांपासून साठ मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावलं दूर, सहा ते आठ इंच खोल आणि वीतभर रुंद. उथळ राहिला तर कुत्री आणि रानडुकरं रात्रीतच उकरतात. त्याहून खोल गेला तर कुजवणारे जीवजंतू कमी असतात आणि मैला तसाच पडून राहतो. प्लास्टिकचा छोटा फावडा आपल्या मुरमात वाकतो, लोखंडी खुरपं न्या. पण सह्याद्रीत अनेक ठिकाणी चार बोटांखाली कातळ लागतो. तिथे दगडाखाली दडपून येऊ नका. जाड पिशवीत लाकडाचा भुसा घ्या, त्यात शौच करा, गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला, घरी आणून संडासात रिकामी करा. टिश्यू आणि पॅड परत आणायचे. ओले वाइप्स तर नुसतं प्लास्टिक. किळसवाणं वाटतं खरं, पण त्याच उताराखालच्या विहिरीतून पाडा पाणी भरतो. रानाच्या आतल्या भागात वर्षाला चार माणसं येतात, तिथे नियम सैल चालतात. ठाण्याजवळच्या एकाच सपाटीवर दर शनिवारी चार गट उतरतात.

आता परवानगीचंही सांगतो. जागा मोकळी दिसते म्हणून मोकळी नसते. आधी गावाचं नाव आणि गट क्रमांक काढून महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघा. ठाणे जिल्ह्यात १९७५च्या खाजगी वन संपादन कायद्यामुळे नावाला खाजगी असलेली पुष्कळ जमीन सरकारी वन झाली आहे. वनाची नोंद दिसली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: नावं, तारीख, जागा, गाडीचा नंबर, आधारच्या प्रती. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वाटेत भेटलेल्या वनरक्षकाचं “जा की” म्हणजे परवानगी नव्हे. बीट (राखणीचा भाग) त्याची असली तरी मुक्कामाची मंजुरी त्याच्या हातात नाही. अभयारण्यं वेगळीच: कर्नाळा हे अभयारण्य आहे, आणि माहुलीचा गड तानसा अभयारण्यात येतो, तेव्हा “गडावर सगळेच राहतात” हे उत्तर तिथे पुरत नाही.

तुमच्या सहा जणांच्या डिसेंबरासाठी मी हे सुचवीन. दिवसा डोंगर करा आणि रात्रीला पायथ्याच्या गावातल्या शेतकऱ्याच्या कापलेल्या भातखाचरात तंबू लावा, त्याला विचारून आणि ठरलेले पैसे देऊन. पनवेलजवळच्या प्रबळमाचीवर गावकरी स्वतःच तंबू देतात. खाचर सपाट असतं, वर वाळकी फांदी नसते, गवत कापलेलं असतं. शेकोटी करायची का, कुठे आणि किती, हे त्या घरधन्याला विचारा. तो हो म्हणाला तर त्याच्याच अंगणात, त्याच्याच लाकडावर, विहिरीचं पाणी हाताशी ठेवून करा. झोपताना तंबूची चेन पूर्ण लावा: मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरतो. त्याच्या दंशाची सूज जवळजवळ नसते, त्यामुळे सकाळी पापण्या जड होईपर्यंत कळतही नाही. शंका आली तरी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. हात-पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठा.