पैलवानाची रजा

परवा आमच्या हेलसिंकीच्या घरी ‘सुलतान’ सिनेमा लावला. शेजारचा फिनिश मित्र जेवायला आला होता. याच गावात १९५२ साली आमच्या कराडकडच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ऑलिम्पिकचं कांस्यपदक मिळवलं, हे मी आधीच सुनावून झालो होतो (कुणीही पाहुणा आला की सुनावतो). हरियाणातला आखाडा, मातीतली कुस्ती बघून गडी खूश. पुढे सुलतानची पैलवान बायको आरफा पोटुशी राहते आणि ऑलिम्पिक सोडते. बाळ जन्मतं तेव्हा सुलतान परदेशात कुस्ती मारतोय, आणि त्याच्याच दुर्मिळ गटाचं रक्त न मिळाल्यानं बाळ जातं. मित्रानं हातातला पापड खाली ठेवला. “याला रजा मिळत नव्हती?”

इथे २०२२पासून आईला १६० आणि बापालाही १६० दिवस मिळतात. त्याचा प्रश्न मी घरच्या ग्रुपवर टाकला. सांगलीचा मामेभाऊ म्हणाला, “दादा, पैलवानाला कसली रजा? पिक्चर आहे, सोड की.” वहिनीनं लिहिलं, “रजा असती तरी गेलाच असता.”

मी वहिनीच्या बाजूचा. सुलतान पुढे बरगड्या मोडून घेतो, रक्तपेढीसाठी पैसा उभा करतो. प्रायश्चित्त खरंच आहे. पण ते बाळाचं. आरफाचं ऑलिम्पिक गेलं ते कुणी हिशेबातच धरत नाही. २०१६च्या ईदला हा सिनेमा आला आणि ऑगस्टमध्ये साक्षी मलिकनं रिओत कांस्य जिंकलं, तेव्हा याच ग्रुपवर नुसते तिरंगे. डिसेंबर २०२३मध्ये कुस्ती महासंघाच्या निवडणुकीनंतर तिनं निषेध म्हणून बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. तेव्हा मामेभाऊ म्हणाला होता, “खेळात राजकारण नको.”

हे सगळं इथे बसून बोलायला सोपं आहे, कबूल. धाकट्याच्या वेळी मी रजा घेतली, त्यात माझा मोठेपणा काही नाही. घेतली नसती तर साहेबानंच विचारलं असतं, घरी सगळं ठीक आहे ना? थोरली पुण्यात झाली, तेव्हा मी ऑफिसात होतो. फोन आल्यावरसुद्धा हातातलं काम उरकूनच निघालो.

सिनेमा संपल्यावर ताटं उचलता उचलता बायको मित्राला म्हणाली, “हा तर वाटेत पेढे घ्यायलाही थांबला होता.”